एकतीस नंबरची तसबीर

उमरगा,
२३ जानेवारी १९४९

चि. महांतप्पा,

तुझं कार्ड काल दुपारी पोचलं. घर सोडल्यापासून तुझ्या हातचं हे पहिलंच अक्षर. असलं काही कार्डावर लिहू नये, बाळा. पोस्टमननं वाचलं, दुकानातल्या दिवाणजीनं वाचलं, मग तुझ्या वडिलांनी, आणि सगळ्यांच्या शेवटी मी. वडील गजानं कापड मोजत होते, ते वाचूनही मोजत राहिले. गिऱ्हाइकानं सांगितल्यापेक्षा वारभर जास्त फाडलं, तेव्हा मला कळलं.

तू लिहितोस, "इरम्मा जिवंत आहे. सोलापुरात फोटोंची नुमाइश लागली आहे, गुलबर्ग्याच्या फोटोग्राफीच्या वर्गातून शिकून निघालेल्या नऊ जणांची. त्यात एकतीस नंबरला ती आहे. सोमवारची विभूती लावलेली, डोळे उघडे, माझ्याकडं बघते आहे. खाली 'प्रतीक्षा' असं नाव. मेलेलं माणूस असं बघत नाही. तिला उडकी करून कुणाच्या घरी दिलंत तेवढं कळवा."

उडकी! नवरा जिवंत असताना सुनेचं दुसरं लग्न लावून देईल असं घर वाटलं तुला हे? वडिलांनी रझाकारांना खाकी कापड विकलं म्हणून तू उंबरा ओलांडून सरहद्दीवर निजामाशी लढणाऱ्यांच्या कॅम्पात गेलास. त्याबद्दल मी तुला कधी बोल लावला नाही. पण हे मात्र लागलं.

श्रावणात तिला ताप आला. चार दिवस होता. दुसऱ्या सोमवारी गेली. सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं, रस्ते उघडले, तेव्हा लॉरीवाल्या धुळाप्पाच्या हाती तुला हेच कळवलं होतं. तू आला नाहीस.

आता फोटोचं. ती दुसरी कुणी असेल. आपल्या भागात अशा चेहऱ्याच्या पोरी कमी आहेत का? गोल तोंड, मधला भांग, कपाळावर तीन बोटं विभूती. इरम्माचा फोटो आपण कधी काढलाच नव्हता. लग्नातही नाही, तुझ्या आजोबांना ते पसंत नव्हतं.

थंडी आहे. तुझी जाड चादर ट्रंकेत आहे. पाठवू का?

तुझी
अव्वा


उमरगा,
५ फेब्रुवारी १९४९

चि. महांतप्पा,

आज धुळाप्पा लॉरी घेऊन सोलापूरहून परतला. सरकीची पोती उतरवायच्या आधी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. टोपी हातात.

"अक्का, महांतअण्णाला बघवना झालंय. काम सोडलंय त्यानं. दुधनीला एका घरात उडकीची सून आलीया असं कुणी सांगितलं, तर त्या घरापुढं दुपारभर उभा ऱ्हायला. घरची सून घागर घेऊन निघाली की वाकून तोंड बघतोय तिचं. दोघा-तिघांनी धरून बडवला. कपाळ फुटलंय."

मी विचारलं, "तू काय सांगितलंस त्याला?"

"म्या काय सांगू? तिला बसवून नेली तवा विमानाला खांदा म्याच दिला हुता. तेच सांगितलं. तर म्हणतोय, तू बी त्यांच्यातलाच." मग म्हणाला, "तुमी काय तरी लिवा अक्का. आता आळंदला जायचं म्हणतोय."

म्हणून लिहिते. मागच्या पत्रात मी खोटं बोलले. फोटो काढला होता.

तुला आपली रीत ठाऊक आहे. माणूस गेलं की आपण त्याला आडवं ठेवत नाही. न्हाऊ घालून, विभूती लावून, भिंतीशी मांडी घालून बसवतो, डाव्या तळहातावर लिंग ठेवतो, आणि सजवलेल्या मखरातून, विमानातून, नेऊन बसलेल्यालाच मातीत देतो. इरम्मालाही तसंच बसवलं. मान राहीना, म्हणून पदराच्या आतून पंच्याची पट्टी घेऊन वरच्या खुंटीला बांधली. लग्नातली हिरवी साडी नेसवली. त्या दिवसांत तू छत्री घेतलीस त्या दुकानाशेजारी एक फोटोवाला मुक्कामाला होता, लिंबाजी नावाचा, ईट गावचा. तेवीस-चोवीसचा असेल. गुलबर्ग्याला शिकत होता, दंगलीमुळं वर्ग बंद पडला म्हणून वर्गाचाच कॅमेरा घेऊन इकडं आलेला. त्याला बोलावलं. तू नव्हतास. तू आल्यावर तुला निदान तिचं तोंड दाखवता यावं एवढाच हेतू होता.

नंतर तो फोटो बिघडला असं कळलं. म्हणून तुला कधी दाखवला नाही, आणि म्हणून मागच्या पत्रात काढलाच नव्हता असं लिहिलं. उगाच तुला हळहळ नको.

तेव्हा तू पाहिलीस ती इरम्माच असेल. पण ती गेल्यानंतरची. डोळे उघडे कसे, ते मला समजत नाही. तिचे डोळे मी माझ्या हातानं मिटले होते, महांतप्पा.

ती नुमाइश आता धाराशिवला यायची आहे असं दिवाणजी सांगतो. मी जाऊन बघून येते. तोवर आळंदला जाऊ नकोस. कुणाच्या दारात उभा राहू नकोस. कपाळाला हळद लाव.

अव्वा


उमरगा,
१५ फेब्रुवारी १९४९

चि. महांतप्पा,

रविवारी जाऊन आले. वडिलांना तुळजापूरला जाते म्हणून सांगितलं. शेजारच्या मथुराबाईला सोबत घेतलं, तिचा भवानीला नारळाचा नवस राहिला होता. लिंगायताची बाई आपणहून भवानीला निघाली याचंच तिला नवल. जळकोटापर्यंत ती मला चिडवत होती, "का गं शांताक्का, तुमच्या महादेवानं हाकलून दिलं व्हय?" तुळजापूरला दर्शन झाल्यावर मी तिला धाराशिवच्या मोटारीत चढवलं, तेव्हा मात्र तिनं चिडवणं सोडलं. माझा हात धरला. म्हणाली, "सांग काय ते." मी सांगितलं. इरम्माला न्हाऊ घालताना पाणी तिनंच ओतलं होतं.

शाळेच्या मोठ्या खोलीत नुमाइश होती. भिंतींवर पांढरी धोतरं ताणून लावलेली, त्यांवर दोरीनं टांगलेल्या तसबिरी, प्रत्येकीखाली चिठ्ठी आणि नंबर. ज्याच्या तसबिरी तो पोरगा जवळ उभा. इस्त्रीचा सदरा, आणि बोटं सगळ्यांची औषधानं काळी पडलेली. दारात एक वही होती, येणाऱ्यानं आपलं मत लिहायचं. वकील, मास्तर, लष्करातले एक-दोन साहेब, आणि शिक्षिकांच्या मागं ओळीनं मुली.

मथुराबाईचं तोंड परत सुरू झालं. भीतीनं ती जास्त बोलते. पहिल्याच तसबिरीपुढं म्हणाली, "आता ह्यो बैल! माझ्या दारात जिता बांधलाय, त्याला बघाया एक साहेब आला न्हाय कधी." तिथल्या पोराला हसू आलं. म्हणाला, "मावशी, तुमचा बैल असा स्वस्थ उभा राहतो का?" तर ही म्हणते, "न्हाय राहत. शाना हाय त्यो."

मी पुढं गेले. नळदुर्गच्या किल्ल्यातून पडणारं पाणी होतं. एक जळालेलं घर होतं, चौकट तेवढी उभी. त्या चौकटीत एक म्हातारा असा बसला होता, जसं काही आत अजून घर आहे. एका कैद्याचे पाय होते. एका पोरानं नुसते हात काढलेले, सगळे म्हाताऱ्यांचे. बघणारे हळू बोलत होते. मला वाटलं, ही सगळी पोरं शिकायला गेली तेव्हा बैल आणि किल्ला काढायलाच गेली असणार. बाकीचं त्यांच्या पुढं आपोआप आलं.

एकतीस नंबर मागच्या भिंतीला होता, खिडकीशेजारी. उजेड थेट पडत होता.

मी तुला दोष देत नाही, महांतप्पा. मला माहीत असूनही माझ्या तोंडून हाक निघाली. हिरव्या साडीचा काठ काळा दिसतो, त्यावरून ओळखलं. आणि डोळे. टक्क उघडे. कुणीतरी आत्ता येईल, आलंच, असे. दोन मुली माझ्याच शेजारी उभ्या होत्या. एक दुसरीला म्हणाली, "कुणाची गं वाट बघती ही?" दुसरी म्हणाली, "नवऱ्याची, आणि कुणाची! तुझ्यासारखी सुट्टीची नव्हं." आणि दोघी पदरात तोंड घालून हसल्या. मला त्यांचा राग आला नाही. इरम्मा तिथं असती तर तीही हसली असती.

मथुराबाई मागून आली. खूप वेळ बघत राहिली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तोंड इरम्माचं हाय. डोळं तिचं न्हाईत. तिचं डोळं बारीक, हसल्यावाणी. हे तर तुझं डोळं हायती, शांताक्का."

मी पाठ वळवली तर समोर लिंबाजी. त्यानं मला मघाशीच ओळखलं होतं. चेहरा धोतरासारखा पांढरा. आम्ही दोघं शाळेच्या व्हरांड्यात गेलो. त्याच्या तोंडचं जसंच्या तसं लिहिते:

"मावशी, परीक्षेला दहा तसबिरी मागितल्या हुत्या. त्यात एक तरी ब्रशानं सुधारलेली पाहिजे, असा नेम. माझ्याकडं दुसरं धड काय नव्हतंच. सगळं पावसाळाभर जळकंच दिसत हुतं. ज्या काचंवर फोटो उठतो, तसली ही एकच काच तेवढी चांगली आलेली. मास्तर म्हणाले, डोळे उघड, मग ही लाखाची तसबीर. म्या तिचे उघडे डोळे कधी बघितलेच न्हाईत. पर त्याच काचंवर शेजारी तुमी बसलेल्या. तुमचे बघून काढले. रंग पाण्याचाच हाय, वरून. काच तशीच हाय."

मी म्हटलं, "तुला काच फोडायला सांगितली होती."

"फोडवली न्हाय मावशी."

हे वाचून तू थांबला असशील. होय. फोटो बिघडला नव्हता. लिंबाजी छापून घेऊन आला होता, ती गेल्यावर आठव्या दिवशी. मी एकदाच बघितला आणि परत दिला. काच फोडून टाक म्हटलं. का, ते आज विचारू नकोस.

पण एवढं ध्यानात घे. तू सोलापुरात ज्या डोळ्यांपुढं उभा राहिलास ते माझे आहेत. तू ते ओळखले नाहीस. ओळखायला हवे होतेस असं मी म्हणत नाही. बायकोचे डोळे तू किती बघितलेस? सात महिने. त्यातले दोन तर आषाढ-श्रावणाचे, माहेरी गेली होती. त्या मुली म्हणाल्या ते खरंच आहे. ते डोळे वाटच बघत होते. तुझीच.

नुमाइशीत टांगलेली तसबीर म्हणजे काचेचा एक तुकडा आहे. पूर्ण काचेत मी तिच्या शेजारी बसले आहे, माझा हात तिच्या पाठीमागून गेलेला आहे. त्यानं तिचं छातीपर्यंतचंच कापून मोठं केलं. आता तरी पटलं ना? ती गेली, महांतप्पा. कुणी तिला कुठं दिलं नाही.

निघताना लिंबाजीनं मला एक गोष्ट विचारली. मी मथुराबाईला घेऊन मोटारीकडं निघाले.

परतीच्या वाटेवर नळदुर्गला मोटार थांबली तेव्हा मथुराबाईनं पुडीतले फुटाणे माझ्या ओंजळीत घातले आणि म्हणाली, "खा. लेकराला लिहायचंय तुला अजून." तिला सगळं माहीत आहे, हे मी विसरले होते.

अव्वा


उमरगा,
२० फेब्रुवारी १९४९

महांतप्पा,

कार्ड मिळालं. "पहिल्या पत्रात ती दुसरी होती. दुसऱ्यात फोटो बिघडला होता. तिसऱ्यात तुमचे डोळे. चौथ्यात काय? पूर्ण काचेचा फोटो दाखवा. नाहीतर लिहू नका." एवढंच.

मी लिंबाजीला पत्र टाकलं आहे. नुमाइश गुलबर्ग्याला परत निघाली आहे, वाटेत तो इथं उतरेल. फक्त आळंदला जाऊ नकोस. तिथंही कुणाची तरी सून आहे. तिनं काय केलंय?

अव्वा


उमरगा,
२४ फेब्रुवारी १९४९

महांतप्पा,

हे पत्र जाड आहे, धुळाप्पा हातात देईल. एकटा असशील तेव्हाच उघड. आत तीन वस्तू आहेत. त्या अशाच बघायच्या नाहीत. आधी हे वाच.

लिंबाजी परवा दुपारी आला. बगलेत जुन्या लुगड्यात गुंडाळलेली तसबीर, आणि पाकिटात पूर्ण काचेचा छाप. वडील दुकानातून उठून आत आले. ते भिंतीशी बसले आणि म्हणाले, "त्याला सगळं लिही. मी वाचणार नाही." मग मला विचारलं, "मला ठाऊक नाही असं काही आहे का त्यात?" मी हो म्हटलं. ते उठून परत दुकानात गेले. आज दोन दिवस झाले, ते जेवायला बसतात, ताट वाढलं की हात जोडतात, उठतात.

आता मी एकेक लिहिते. सलग लिहिलं तर मला पुसावंसं वाटेल.

जूनमध्ये तू इरम्माला न्यायला चिठ्ठी पाठवली होतीस. धुळाप्पाबरोबर. ती पोचली. मी पहिल्या पत्रात लिहिलं की तुझं पहिलंच अक्षर, ते खोटं. त्यात तू लिहिलं होतंस की सोलापुरात साखर पेठेत एक खोली घेतली आहे, इरम्माला धुळाप्पाच्या लॉरीतून पाठवा, त्याला तुम्हीच सांगा, तो पोत्यांच्या आड बसवून आणेल. धुळाप्पाला वाचता येत नाही. चिठ्ठी माझ्या हाती दिली. मी त्याला म्हटलं, "महांत खुशाल आहे म्हणतो." तिला काही सांगितलं नाही. चिठ्ठी मी तांदळाच्या डब्याखाली ठेवली.

रस्त्यावर रझाकार गाड्या तपासत होते हे खरं. मी स्वतःला तेच सांगितलं. पण त्याच आठवड्यात धुळाप्पा दोन घरच्या बायका-पोरं सुखरूप सोलापूरला सोडून आला, हेही खरं, आणि मला ते माहीत होतं. मी तिला भीतीनं ठेवून घेतलं नाही. ती तिकडं गेली असती तर या घरी परत यायला तुला काही कारण उरलं नसतं. वडिलांचं तोंड बघायला तू आला नसतास. माझ्यासाठी आला असतास का, याची मला खात्री नव्हती. तिच्यासाठी येशील ही होती. दावणीला वासरू बांधून ठेवलं की गाय परत येते, तसं मी तिला ठेवलं. ती दारात बसून धान्य निवडायची आणि रस्त्याकडं बघायची. मी आतून तिच्याकडं बघायची. माझ्या मनात यायचं, आज ना उद्या येईल. तुझ्या नावानं ती वाट बघत होती आणि मी तिच्या जिवावर.

ताप आला नव्हता.

तू गेलास तेव्हा तिला दिवस गेले होते. तिला स्वतःला कळायच्या आत तू गेलेला. चैत्रात तिनं मला सांगितलं. लाजून नव्हे, घाबरून. म्हणाली, "अत्ती, ह्यांना कसं कळवायचं?" मी म्हटलं, आला की कळेल. दुसऱ्या श्रावण सोमवारी सकाळी तिचं दुखू लागलं. सातवा होता. उमरग्याचा डॉक्टर पाऊस सुरू व्हायच्या आधीच बायका-पोरांना घेऊन सोलापूरला गेला होता. सुईण होती, मथुराबाई होती, मी होते. सोलापुरात दवाखाना होता. तू खोली घेतली होतीस त्या पेठेपासून किती लांब ते मी धुळाप्पाला विचारलं नाही. मला ऐकायचं नाही.

मुलगी झाली. ओट्यावरचं ऊन तुळशीपर्यंत सरकेतो होती. रडली नाही, नुसती कण्हत होती, मांजराच्या पिलासारखी. इरम्मानं तिला बघितलं. "ह्यांचं नाक," म्हणाली. मुलगी आधी गेली. इरम्माला ते कळलं की नाही, मी सांगू शकत नाही. तिचा हात लेकीच्या अंगावर होता. दिवस मावळायच्या आत तीही गेली.

बसवताना मठाचे स्वामी म्हणाले, लेकराला मांडीवर द्या. दिलं. तळहातावर लिंग, मांडीवर लेक. लिंबाजीनं काळ्या कापडात डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही. मला वाटलं, कॅमेऱ्यात काही तरी बसवतो आहे. आता वाटतं, रडत असावा.

आठव्या दिवशी तो छाप घेऊन आला. तसबीर बघितल्यावर मला कळलं की ही तुला दाखवली तर तू मांडीवर काय आहे विचारशील. मग महिने मोजशील. मग जूनची चिठ्ठी विचारशील. म्हणून काच फोडायला सांगितली. म्हणून ताप, आणि म्हणून धुळाप्पालाही लेकराचं तोंडातून काढू नको अशी शपथ घातली. तुला दोन मरणांचा भार नको, असं मी माझ्या मनाला समजावत होते. भार कुणाला नको होता ते आता तुला दिसत असेल.

धाराशिवच्या व्हरांड्यात लिंबाजीनं मला विचारलं होतं ते हेच. "मावशी, मांडीवरचं लेकरू म्या कापून टाकलं. बरूबर केलं का?"

परवा मी त्याला सांगितलं, "नाही. आपण दोघांनीही नाही."

मग मी त्याला म्हटलं, एकतीस नंबर बाहेर काढ. त्यानं चौकटीच्या मागचे खिळे काढले. मी वाटीत पाणी घेतलं, स्वच्छ कापूस घेतला. तो म्हणाला, "म्या करतो मावशी, तुमच्यानं कागद फाटंल." मी म्हटलं, "माझेच आहेत ते. मला पुसू दे." तो हात धरून दाखवत होता, हलक्या हातानं, आतून बाहेर. आधी बुबुळं ओघळली. काळं पाणी गालावर आलं तेव्हा वाटलं, आता थांबावं. लिंबाजी म्हणाला, "थांबू नका." मग पांढरं गेलं. खालून पापण्या वर आल्या. मिटलेल्या, जशा मी मिटल्या होत्या. बारीक, हसल्यासारख्या. मथुराबाई बरोबर म्हणत होती.

कागद थोडा फुगला आहे. गालावर डाग राहिला आहे. तो रंगाचा आहे, दुसरा काही समजू नकोस. लिंबाजी म्हणाला, नुमाइशीत आता एकतीस नंबरची जागा रिकामी राहील, मास्तरांना काय सांगायचं ते तो बघेल. त्याला त्या तसबिरीवर पहिला नंबर मिळाला होता, हे तो निघून गेल्यावर मला दिवाणजीकडून कळलं.

तीन वस्तू आहेत. पहिली, तुझी जूनची चिठ्ठी. घडी तीच आहे, तांदळाचा वास लागला आहे. दुसरी, ही पुसलेली तसबीर. तिसरी, पूर्ण काचेचा छाप, दोन कागदांत गुंडाळून ठेवला आहे. तो शेवटी उघड.

परवा शिवरात्र आहे. ये असं मी लिहिणार नाही, त्या शब्दाचा हक्क मी घालवला आहे. पण परक्यांच्या दारात उभा राहू नकोस. तिला शोधायचं असेल तर गावाबाहेर आपल्या मळ्याच्या बांधावर, बाभळीच्या उत्तरेला. दोघी एकाच ठिकाणी आहेत. लेकीचं नाव ठेवलं नव्हतं.

तो मोठा छाप हातात घेशील तेव्हा आधी वर बघ, इरम्मा आहे, डोळे मिटून. मग खाली मांडीवर बघ. तिचेही मिटलेले आहेत, तिनं ते उघडलेच नव्हते. उजवीकडं मी बसले आहे. त्या तसबिरीत डोळे उघडे आहेत ते एकट्या माझेच.

अव्वा